ओवा झाला, हिंग झालं, तरी पोट रोज का फुगतं?

"ताई, गॅसवर काहीतरी द्या."

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला बावीस वर्षं झाली. या वाक्याशिवाय एक दिवस गेलेला नाही. त्याच्या मागून येणारं वाक्यही ठरलेलं असतं: "घरचं सगळं करून झालं हो. ओवा झाला, हिंग झालं, जिऱ्याचं पाणी झालं. दोन दिवस बरं वाटतं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या."

मग मी विचारते, "फुगतं कुठे? बेंबीच्या वर की खाली? आणि जेवणानंतर किती वेळाने?" यावर दहातले आठ जण गोंधळतात. खरं तर आपल्या भाषेत पोटाच्या तक्रारींना शब्दांची वाण नाही. तडस लागते, पोट गुबारतं, करपट ढेकर येतात, घशाशी येतं, मुरडा पडतो, कळ मारते. आजीला यातला फरक नीट कळायचा. आता या सगळ्याला आपण 'गॅस' म्हणतो, आणि तक्रारीचं नाव एक झालं तसं औषधही एकच झालं. घरगुती उपाय फसतो तो बहुतेक वेळा इथेच. उपायात खोट नसते, तो भलत्याच तक्रारीवर लावलेला असतो.

पुढे मी तक्रार वेळेप्रमाणे वेगळी करून सांगते आहे. त्याआधी डब्यातला ओवा बाजूला ठेवायला लावणारी लक्षणं. शौच डांबरासारखी काळी होणं (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर रंग त्यांचाही असू शकतो), उलटीत रक्त, घास गिळताना अडकणं, काही न करता वजन उतरणं, तपासणीत रक्त कमी निघणं, झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, आणि पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालेली पोटाची तक्रार. बायकांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: पोट दोन-तीन आठवडे रोज फुगलेलंच राहतं, चार घासांत पोट भरतं, लघवीला वारंवार जावं लागतं, अशा वेळी सोनोग्राफी करून अंडाशय तपासून घ्यायचे. आणि जिना चढताना छातीत येणारा, थांबलं की जाणारा 'गॅस' हा गॅस नव्हे. घाम फुटून छातीवर दाब आला तर तडक ईसीजी. ढेकर येऊन थोडं बरं वाटलं म्हणून हृदयाची शंका फिटत नाही, मधुमेह्यांची तर मुळीच नाही.

जेवता जेवताच पोट भरतं, वरचं पोट जड

ही तडस. अर्धी भाकरी खाल्ली की पोट तट्ट, दोन तास अन्न छातीखालीच बसून राहिल्यासारखं. इथे सुंठ-आल्याची बाजू बरी आहे, पण जाहिरातीत म्हणतात तितकी नाही. तैवानमध्ये २४ निरोगी माणसांना १.२ ग्रॅम आलं कॅप्सूलमधून दिलं, तेव्हा जठर निम्मं रिकामं व्हायला सरासरी २७ मिनिटांऐवजी १३ मिनिटं लागली. त्यानंतर अपचनाच्या ११ रुग्णांवर तोच प्रयोग केला. तिथेही जठर लवकर रिकामं झालं, १६ ऐवजी १२ मिनिटांत. पण त्या ११ जणांना जास्त बरं वाटलं का? नाही. म्हणजे आलं जठराला ढकलतं हे खरं, तुमचा जडपणा त्याने जाईलच असं नाही. मळमळ हे मात्र आल्याचं खरं मैदान, विशेषतः गरोदरपणातली. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आल्याच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. चहातल्या आल्याची एवढी चिंता नको.

हिंगाष्टक चूर्ण याच तक्रारीचं. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, दोन प्रकारचं जिरं आणि हिंग. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ते जेवणाच्या पहिल्या घासाला तुपाबरोबर घ्यायला सांगितलं आहे. आपण मात्र जेवण झाल्यावर, पोट दुखायला लागल्यावर, कोरडी फक्की मारतो आणि वर म्हणतो की गुण येत नाही. घ्यायचंच तर सांगितलंय तसं घ्या. रक्तदाब असलेल्यांनी त्यात मीठ आहे हे विसरू नका.

हळदीबद्दल हल्ली रोज विचारतात. २०२३ साली थायलंडमधला एक अभ्यास गाजला. त्यात २०६ जण होते, आणि अपचनावर हळदीतलं कर्क्युमिन ओमेप्रॅझोल या पित्ताच्या गोळीच्या बरोबरीचं ठरलं. बातमी खरी आहे. फक्त मात्रा होती दिवसाला २ ग्रॅम कर्क्युमिन. आपल्या हळदीत ते साधारण ३ टक्के असतं, म्हणजे तेवढं मिळवायला रोज पासष्ट ग्रॅम, वीसेक चमचे हळद खावी लागेल. शिवाय नुसत्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळ्यांशी तुलना त्या अभ्यासात नव्हती. आणि मिऱ्याचा अर्क घातलेल्या जोरदार कर्क्युमिन कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद भाजीत राहू दे.

महिना उलटूनही हा जडपणा जात नसेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणी करून घ्या. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये या जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं, आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. श्वासाची किंवा शौचाची साधी चाचणी असते. मात्र आम्ल कमी करणाऱ्या, ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या आधी दोन आठवडे बंद असाव्या लागतात, नाहीतर असलेला जिवाणू नाही म्हणून दिसतो. हा जिवाणू सुंठेने जात नाही. त्याला अँटिबायोटिकचा कोर्सच लागतो, आणि तोही पूर्ण.

घशाशी येतं, जळजळ, आंबट ढेकर

इथे घरचे दोन लाडके उपाय उलटतात. पहिला पुदिना. पुदिन्यातलं मेंथॉल स्नायू सैल करतं, आणि अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडपही स्नायूचीच. ती सैल झाली की आम्ल वर यायला वाट मोकळी. पुदिना-पाचक खाल्ल्यावर ढेकर येऊन दहा मिनिटं मोकळं वाटतं आणि तासाभराने घसा जळतो, तो असा.

दुसरा खाण्याचा सोडा. आम्ल मारतो, यात वाद नाही, फसफसून ढेकरही देतो. पण एका चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादाच २ ग्रॅम. कधीतरी चालेल. रोज रात्री चमचा ढवळणाऱ्याला रक्तदाबाची गोळी का पुरत नाही, याचं उत्तर कधीकधी त्या ग्लासात असतं. ज्येष्ठमधाचं तसंच. त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, पोटॅशियम घटतं, दाब वाढतो. घसा बसला म्हणून दोन दिवस तुकडा चघळणं वेगळं, पित्तासाठी महिनोन्महिने पूड खाणं वेगळं.

आपल्याकडचा एक उपाय मात्र प्रयोगशाळेतही टिकला, आणि तो वनस्पती नाही. वामकुक्षी! डाव्या कुशीवर झोपलं की जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. ॲमस्टरडॅममध्ये ५७ जणांना रात्रभर मोजणीची नळी घालून पाहिलं, तेव्हा डाव्या कुशीवर असताना अन्ननलिकेतलं आम्ल लवकर ओसरत होतं. उजव्या कुशीवर किंवा उताणं झोपल्यावर ते जास्त वेळ रेंगाळत होतं. जेवणानंतर दोन-तीन तास आडवं होऊ नये हे आहेच, पण रात्री झोपताना डावी कुस फुकटात मिळते.

आणि जे रोज सकाळी अनशापोटी पित्ताची कॅप्सूल घेतात, "बंद केली की दुप्पट जळतं, म्हणजे मला कायमची लागणार" असं म्हणतात, त्यांच्यासाठी डेन्मार्कचा २००९चा अभ्यास. पित्ताचा काही त्रास नसलेल्या १२० माणसांपैकी निम्म्यांना आठ आठवडे अशी गोळी दिली आणि मग थांबवली. त्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर सुरू झाले. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. आम्ल दाबून ठेवलं की जठर नंतर उसळी मारतं, ती काही आठवड्यांची असते. मग डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू उतरवायची. अचानक तोडायची नाही. कोणाला ही गोळी दुसऱ्या कारणासाठी, उदाहरणार्थ वेदनाशामक गोळ्यांबरोबर संरक्षण म्हणून दिलेली असते, त्यांनी तर स्वतःहून हात लावू नये.

तीन-चार तासांनी खालचं पोट डब्ब

काउंटरवरचा निम्मा 'गॅस' हाच असतो. सकाळी पोट सपाट, संध्याकाळी पँटचं बटण लागत नाही. गुडगुड, वारा सरणं, मध्येच कळ.

ओवा इथे का बरा वाटतो ते आधी. ओव्याच्या तेलातला मुख्य घटक थायमॉल. कराचीच्या आगा खान विद्यापीठात सशाच्या आतड्याच्या तुकड्यावर ओव्याचा अर्क टाकून पाहिला गेला. आकुंचन पावणारा तुकडा सैल पडला, कारण अर्क स्नायूत शिरणाऱ्या कॅल्शियमची वाट अडवतो. म्हणजे कळ मारते तेव्हा चिमूटभर ओवा चावून वर कोमट पाणी पिणं यात तथ्य आहे. पण माणसांवरचे धड अभ्यास ओव्याला फारसे लाभलेले नाहीत. जिऱ्याचंही असंच. इराणमध्ये ५७ रुग्णांना जिऱ्याचं तेल देऊन बरं वाटल्याची नोंद आहे, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. पोटाच्या दुखण्यात नुसत्या खोट्या गोळीनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं, त्यामुळे असा अभ्यास अर्ध्या वाटेवरच थांबतो.

सगळ्यात जास्त तपासलं गेलेलं आहे ते पुदिन्याचं तेल, तेही जठरात न विरघळता आतड्यात फुटणाऱ्या कॅप्सूलमधून. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२१ मध्ये संवेदनशील आतड्याच्या त्रासावर (आयबीएस, म्हणजे वरचेवर पोट दुखणं आणि शौचाचं तंत्र बिघडणं) ते सुचवलं. त्याच्या आदल्याच वर्षी नेदरलँड्समध्ये १९० जणांवर झालेल्या अभ्यासात मात्र मुख्य मोजमापावर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नव्हतं. दुखणं आणि अस्वस्थपणा थोडे कमी झाले, इतकंच. मी याचा अर्थ असा घेते: कळ हा मुख्य त्रास असेल तर चार आठवडे करून बघावं, घशाशी येत असेल तर नको, आणि कॅप्सूल चावायची नाही.

पण ओवा काय, पुदिना काय, हे सगळे कळ सैल करतात. वायू तयार होणं ते थांबवत नाहीत. म्हणूनच तो त्रास रोज परत येतो.

वायू कुठून येतो? कांदा, लसूण आणि गव्हात फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते. ती तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नाहीच. हरभरा, राजमा, वाल, मटकी यांतल्या रॅफिनोज-स्टॅकिओजचंही तेच. हे सगळं न पचता मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जिवाणू त्याला आंबवून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, कोणाकोणाच्या पोटात मिथेन तयार करतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या मंडळींनी अशा पदार्थांना 'फॉडमॅप' हे नाव दिलं आणि ते कमी करण्याचा आहार रुजवला.

हे मला पुस्तकातून समजलं त्याच्या बऱ्याच आधी गिऱ्हाइकांनी दाखवलं होतं. श्रावणात माझ्या दुकानातली पाचक चूर्णांची विक्री मंदावते. एक काकू दर वर्षी सांगायच्या, "उपासांनी पोट कसं स्वच्छ झालं बघ, ताई." मला ते पटत नसे, कारण साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, तूप यांत पोट स्वच्छ करण्यासारखं काय आहे? मग लक्षात आलं की त्या चातुर्मास पाळतात. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका सगळं चापून होतं आणि पुढचे चार महिने घरात कांदा-लसूण नाही. पोट शांत व्हायचं ते कांदा थांबल्यामुळे, आणि श्रेय जायचं एकादशीला. त्यांना मी म्हटलं, "काकू, चातुर्मास संपल्यावर उपास सोडा, पण आणखी दोन आठवडे कांदा-लसूण नको." त्यांनी ऐकलं. पोट गप्प राहिलं.

तुम्हीही असंच करून बघा, श्रावणाची वाट बघायला नको. दोन-तीन आठवडे कांदा-लसूण बंद, पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, कडधान्यांऐवजी थोडी मुगाची डाळ. फरक पडला तर एकेक पदार्थ तीन-तीन दिवसांनी परत आणायचा. बहुतेकांना सगळं सोडावं लागत नाही, कोणाला फक्त कांदा भोवतो, कोणाला गहू. फरक पडला नाही तर सगळं पुन्हा सुरू करा, उगाच उपाशी राहू नका. महिनोन्महिने हा आहार ताणणं आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंनाही मानवत नाही.

चवीचं काय, तर इथे हिंगाला त्याची खरी जागा सापडते. कांदा-लसणाची चव हिंगात आहे, फ्रुक्टन नाही. पिढ्यानपिढ्या जैन आणि सोवळ्याच्या स्वयंपाकात ते याच कामाला आहे. माझा तर्क असा की आमटीत हिंग घालून पोटाला बरं वाटतं ते बऱ्याच अंशी हिंगाने काय केलं यापेक्षा हिंगामुळे काय घालावं लागलं नाही यावर आहे. लसणाची फारच आठवण आली तर पाकळ्या अख्ख्या तेलात परतून काढून टाका. फ्रुक्टन पाण्यात उतरतात, तेलात नाहीत, त्यामुळे वास मिळतो आणि त्रास टळतो. हे तेल त्याच दिवशी वापरायचं, बाटलीत भरून ठेवायचं नाही. ठेवलेल्या लसणाच्या तेलात जीवघेणा जंतू वाढू शकतो.

गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक आजार असलेल्यांनी हिंगाच्या डबीवरचा बारीक मजकूर वाचावा. दुकानात मिळतं ते बांधानी हिंग, त्यात डिंक आणि बऱ्याचदा मैदा असतो. आणि तान्ह्या बाळाला हिंग पोटात देऊ नका. पाच आठवड्यांचं एक बाळ हिंगाच्या औषधाने निळं पडल्याची, म्हणजे त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटल्याची नोंद १९८४ची आहे. बेंबीभोवती पाण्यात कालवून लावतात, त्यावर माझा आक्षेप नाही.

कडधान्यं भिजवलेलं पाणी फेकून द्या, मोड आणा, दुसऱ्या पाण्यात शिजवा. साखळ्यांचा बराच भाग तिथेच जातो. डाळिंब्यांना मोड आणून सोलायची खटपट उगाच नव्हती. दुधाने फुगत असेल तर ताक घ्या. दही लागताना दुधातली साखर थोडी खर्ची पडते आणि दह्यातले जिवाणू उरलेली पचवायला मदत करतात. "जिरं-हिंग घातलेल्या ताकाने गुण आला" असं सांगणाऱ्याने त्याच दिवसांत रात्रीचं दूध सोडलेलं असतं, हे मी कितीदा पाहिलंय.

पोट साफच होत नाही, म्हणून फुगतं

इथे निकाल सरळ आहे. इसबगोल. नेदरलँड्समध्ये संवेदनशील आतड्याच्या २७५ रुग्णांना तीन महिने रोज १० ग्रॅम इसबगोल, गव्हाचा कोंडा किंवा खोटी पूड दिली. इसबगोल जिंकलं. कोंडा खाणाऱ्यांतले बरेच जण त्रास वाढला म्हणून मध्येच सोडून गेले. तरी आपल्याकडे बद्धकोष्ठावर कोंड्याच्या पोळ्या सुचवणं चालूच आहे. इसबगोल एक चमच्यापासून सुरू करा, ढवळून लगेच प्या, वर अजून एक ग्लास पाणी घ्या. कोरडं तोंडात टाकलं तर घशात फुगतं. मधुमेहाच्या आणि थायरॉइडच्या गोळीपासून दोन-तीन तास लांब ठेवा.

'आयुर्वेदिक' म्हणून जी पोट साफ करणारी चूर्णं खपतात, त्यांची पाकिटं उलटून बघा. पुष्कळांत सोनामुखी असते. ती वाईट औषध नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यातले घटक फोडतात तेव्हा ती चालू होते, म्हणून रात्री घेतली की सकाळी परिणाम. पण ती आतड्याला चाबूक मारते. मग चक्र असं: रात्री चूर्ण, सकाळी मुरडा, मुरड्यावर ओवा, दोन दिवस शौच नाही, पुन्हा चूर्ण. या चक्रातल्या माणसाला ओवा किती खायचा हे विचारायचं असतं. मी चूर्णाचं पाकीट मागते.

पाकीट मागायची सवय मला एका काकांनी लावली. सहा महिने ते ओवा, हिंगाष्टक, जिरं, आवळा असं एकेक घेऊन जात होते आणि दर वेळी "थोडा फरक आहे" म्हणत होते. एकदा चिठ्ठी दाखवायला म्हणून औषधांची पिशवी काउंटरवर ओतली. मधुमेहाची मेटफॉर्मिन, मात्रा दुप्पट केलेली, तारीख बरोबर सहा महिन्यांपूर्वीची. मेटफॉर्मिनने पोट फुगणं, वारा, पातळ शौच हे नेहमीचं आहे. ते सकाळी उपाशीपोटी घेत होते. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी हळूहळू सुटणाऱ्या प्रकारची झाली, जेवणाबरोबर सुरू झाली. ओव्याची पुडी अजून नेतात. चहात छान लागतो म्हणतात.